न कापलेलं पान

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ताईने शाळेसाठी केलेलं कोलाज दाखवलं आणि मी एक अक्षर बोलले नाही. चित्र सुंदर होतं. मी दर वर्षी लंडनजवळच्या इल्फर्डहून आणून तुम्हाला ऑकलंडला पाठवते, त्या मराठी कॅलेंडरांची जुनी पानं कापून तिने एक मोठा मासा केला होता. गणपतीच्या शेल्याचे खवले, लक्ष्मीच्या कमळाची शेपटी, आणि माशाचा डोळा म्हणजे कुठल्या तरी देवाचाच डोळा. ती विचारत होती, “आजी, आवडलं का? आजी, स्क्रीन अडकली का?” स्क्रीन ठीक होती. शेवटी आजोबांनीच पुढे होऊन “वा, वा, फक्कड!” म्हणून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबाचा मेसेज आला. “आई, जुनं कॅलेंडर होतं गं. ती नंतर रडत होती. असं का केलंस?”

म्हणून हे लिहिते आहे. ताई, मी तुझ्यावर रागावले नव्हते. तुझ्या हातातली कात्री बघून मला दुसऱ्याच कात्र्या आठवल्या. त्या मी स्वतः एका वर्गात वाटल्या होत्या, आणि त्यांच्यापायी एका चौदा वर्षांच्या मुलीची शाळा सुटली. ती सुटू न देणं माझ्या हातात होतं.

हे मी मराठीत लिहिते आहे. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. अडेल तिथे त्याला थांबवा. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या आजीने इंग्रजीत का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. इंग्रजीत मी हे एकदा लिहिलं आहे, शाळेच्या कॉम्प्युटरवर, तीन वाक्यांत. तिन्ही वाक्यं खरी होती. तेव्हापासून या एका बाबतीत माझा माझ्या इंग्रजीवर भरवसा राहिलेला नाही.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका सरकारी शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शेवटची काही वर्षं इयर नाईनला, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना, आम्ही सहा आठवडे बायबल शिकवत असू. धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो, तो हा नव्हे. आम्ही इंग्रजीच्या तासाला, साहित्य म्हणून शिकवायचो. इथली मुलं परीक्षेला ज्या कविता आणि नाटकं वाचतात त्यांत बायबलमधले संदर्भ पानोपानी येतात, आणि आता चर्चला फारसं कोणी जात नसल्यामुळे अर्ध्या वर्गाला ते कळतच नाहीत. तेव्हा गोष्ट कुठून सुरू होते, काय सांगायचं मुद्दाम टाळते, तोच शब्द पुन्हा पुन्हा का येतो, असं शिकवायचं. खरं की खोटं, हा प्रश्न वर्गात आणायचा नाही.

हा भाग मला फार आवडायचा आणि जमायचाही. पहिल्या दिवशी मी बोर्डवर एक वाक्य लिहायचे: आपण इथे वाचक आहोत, भक्त नाही. मग कोणीतरी हमखास विचारायचं, “मिस, पण तुमच्याकडे तर खूप देव असतात ना? हा एक जास्तीचा चालतो?”

“माझ्या वर्गात एकही चालत नाही. बॅग खाली ठेव.”

बॅग खाली, पुस्तक मात्र कधीच नाही. हा माझ्या वर्गाचा नियम होता आणि साऱ्या शाळेला तो ठाऊक होता. वही असो, डिक्शनरी असो, जमिनीवर ठेवायची नाही. चुकून एखादं पुस्तक पडलं की सगळा वर्ग “मिऽऽस!” म्हणून ओरडायचा आणि ज्याचं पडलं तो ते उचलून कपाळाला लावायचा. ती माझी नक्कल होती. मी कधीतरी नकळत तसं केलं असणार आणि त्यांनी ते पाहून ठेवलं होतं. नियमाचं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, “पुस्तकं खराब होतात.”

आता त्या पुस्तकाबद्दल सांगते. नागपूरला मी मिशनच्या शाळेत शिकले. तिथे पाठांतराच्या स्पर्धेत मला बायबल बक्षीस मिळालं. मी म्हटलेली गोष्ट होती सासू-सुनेची. दुष्काळामुळे परमुलखात गेलेलं एक कुटुंब असतं. तिथे सासूचा नवरा वारतो, मागोमाग दोन्ही मुलगे जातात. ती सुनांना माहेरी परत जा म्हणते. एक जाते. दुसरी जात नाही. ती सासूबरोबर तिच्या देशाला, तिच्या देवाकडे चालायला लागते आणि तिथे लोकांच्या शेतात सांडलेली कणसं वेचून दोघींचं पोट भरते. शाळेतल्या सिस्टरने त्या पानावर पुस्तकाची लाल फीत घालून बक्षीस माझ्या हातात दिलं.

माझ्या वडिलांनी त्याला खाकी कव्हर घातलं, वर प्लॅस्टिक चढवलं आणि ते पोथ्यांच्या फळीवर ठेवलं. दसऱ्याला आई पाटीवर सरस्वती काढायची आणि भोवती घरातली सगळी पुस्तकं मांडून त्यांना हळद-कुंकू वाहायची. त्या वर्षी रांगेत बायबलही आलं. प्लॅस्टिकवर कुंकू टिकेना. मग आईने फितीचं पान उघडलं आणि समासात कुंकवाचं बोट टेकवलं. “देवाचं पुस्तक आहे ना? मग झालं तर,” एवढंच म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

तेच पुस्तक मी लग्न झाल्यावर इकडे आणलं, आणि तेच शाळेत वापरायचे.

ज्या वर्षी मी त्या कात्र्या वाटल्या, त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. केरळमधलं ख्रिस्ती कुटुंब. आजोबा काम करत त्याच हॉस्पिटलमध्ये आई नर्स, वडील एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचे. तिसऱ्या बाकावरची ही मुलगी एरवी फारशी बोलायची नाही, पण मोठ्याने वाचायला लागली की मागच्या बाकांवरची कुजबुजसुद्धा थांबायची. स्वल्पविरामाला किती थांबायचं हे शिकवून येत नाही. तिला ते येत होतं. पानभर वाचायचं असलं की मी आधी तिच्याकडे बघायचे.

इंग्रजीच्या तासाला एक पद्धत फार वापरतात. गोष्ट कागदावर छापून द्यायची, मुलांनी तिचे बारा तुकडे कापायचे, पाकिटात घालून हलवायचे आणि शेजारच्याला द्यायचे. त्याने क्रम लावायचा. गोष्टीची बांधणी मुलांच्या हाताला कळते. मी ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली होती, पण या भागासाठी पहिल्यांदाच. सासू-सुनेचं पान माझ्या पुस्तकातून मोठं करून एकतीस प्रती काढल्या, तीस मुलांसाठी आणि एक माझ्यासाठी. समासातलं आईचं बोट प्रत्येक प्रतीवर करडं उमटलं.

पाच मिनिटांत वर्गभर कागदाचे कपटे झाले. तिची कात्री मात्र बाकावर तशीच होती.

“काय झालं? कात्री बोथट आहे का?”

“नाही, मिस.”

“मग?”

“मी क्रम तोंडी सांगू का? मला येतो.”

“तुला येतो हे मला माहीत आहे. तुझ्या पार्टनरला यायला हवा.”

“मग मी पेन्सिलने नंबर घालते, मिस. हलके. खोडता येतील असे.”

मागून एक आवाज आला, “मिस, मी कापू का तिचं? मी फास्ट आहे.” वर्ग हसला. तिने दोन्ही तळवे पानावर ठेवले.

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, “हा नुसता कागद आहे. काल दुपारी मी तो मशीनवर काढला.”

“हो, मिस. पण त्याच्यावर जे आहे ते...” मग तिने करड्या डागापाशी बोट नेलं. “मिस, हे काय आहे? सगळ्यांच्या पानावर आहे.”

“मशीनची काच घाण असेल.”

“बोटाचा ठसा वाटतो.”

“काच घाण आहे.”

तिने बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाली, “मिस, तुम्ही आम्हाला डिक्शनरीसुद्धा जमिनीवर ठेवू देत नाही.”

बाळांनो, तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. आपल्या माणसाकडे मदत मागावी तसं ती मला ते सांगत होती. हे मला आज कळतं असं म्हणणं सोयीचं झालं असतं. पण मला ते तेव्हाही कळलं होतं. फक्त एकोणतीस जोडी डोळे माझ्याकडे लागले होते, आणि आपण पकडले गेलो आहोत असं मला वाटलं.

“तो वर्गाचा नियम आहे आणि हे वर्गाचं काम आहे. दोन्ही मीच सांगते,” मी म्हणाले. तिची कात्री उचलली, माझ्या हातातली प्रत तिच्यासमोर धरली आणि सरळ आडवी कापली. कात्री त्या करड्या डागामधून गेली. “बघ. काही झालं का?”

ती माझ्याकडे नाही, त्या दोन तुकड्यांकडे बघत होती.

तास संपल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. मुलांच्या वागणुकीची नोंद करायची असते, आणि कामं मागे न ठेवण्याबद्दल माझी ख्याती होती. मी लिहिलं: दिलेलं काम करण्यास नकार दिला. दोनदा सूचना दिली. वर्गासमोर वर्गनियमाचा दाखला देऊन वाद घातला. बटण दाबलं की ती नोंद आपोआप पालकांच्या फोनवर जाते. मी बटण दाबलं आणि चहा घ्यायला गेले.

संध्याकाळी घरी आले तर आजोबा टपाल निवडत बसले होते. पुण्याहून कोणाची तरी लग्नपत्रिका आली होती. लग्न होऊन आठवडा उलटला होता.

“अगं, ही बिनमध्ये टाकू ना?”

“अहो, त्यावर गणपती आहे!”

“बरं बाई. ठेव तुझ्या वेटिंग लिस्टवर.”

वेटिंग लिस्ट म्हणजे आपल्या जिन्याखालच्या कपाटातला खालचा खण. तुम्ही लहानपणी तो उघडून बसायचात. गणपती असलेल्या पत्रिका, देवांची कॅलेंडरं, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं तिथे जातं आणि कोणी भारतात निघालं की विसर्जनासाठी त्याच्या बॅगेत. मी पत्रिका खणात ठेवली, खण लोटला आणि उभ्याउभ्याच त्यांना सांगितलं, “आज एका मुलीने वर्गात फार हट्ट केला.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आजोबा सर्जन होते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, “कापायचं कशाला गं? नुसतं वाचायचं की.”

“शिकवण्याची पद्धत असते एक. तुम्हाला नाही कळायचं.”

“आम्हीही कापायचो. पण आधी पेशंटची सही घ्यायचो.”

मी कुकर लावायला स्वयंपाकघरात निघून गेले. खण आणि कात्री या दोन गोष्टी एकाच दिवशी माझ्या हाताखालून गेल्या आणि मी त्या शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. मी नीटनेटकी बाई आहे. प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे ठेवते. तशा या दोनही ठेवल्या, घरातली घरात आणि शाळेतली शाळेत.

पुढच्या गुरुवारी तिचे आईवडील भेटायला आले. डेप्युटी हेडच्या, म्हणजे उपमुख्याध्यापिकेच्या, खोलीत आम्ही चौघं बसलो. वडिलांच्या जॅकेटखाली केअर होमचा निळा अंगरखा दिसत होता. आई ड्यूटी संपवून थेट आली होती, तिचे डोळे लाल होते. वडिलांनी बोलायला सुरुवात केली ती अशी: “मॅडम, माझी मुलगी घरी तुमच्याबद्दल फार बोलते. मीसुद्धा गावाकडे चौदा वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे.”

त्यांच्या दोन विनंत्या होत्या. हा भाग संपेपर्यंत मुलीला लायब्ररीत बसून दुसरं काही वाचू द्यावं, आणि नोंदीतलं ‘वाद घातला’ हे वाक्य काढावं. “ती वाद घालत नाही, मॅडम. घालत असती तर मला बरं वाटलं असतं.”

डेप्युटी हेडने नियम समजावून सांगितला. धर्मशिक्षणाच्या तासातून मुलाला काढून घेण्याचा हक्क इथे पालकांना आहे, पण इंग्रजीच्या तासातून नाही. आणि हा तास इंग्रजीचा होता. “मात्र शिक्षिकेला योग्य वाटलं तर दुसरं काम देता येईल,” त्या म्हणाल्या. “ते तुम्ही ठरवा.” तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

एक ‘हो’ पुरलं असतं. मुलगी उरलेले आठवडे लायब्ररीत बसली असती आणि नंतर पुन्हा तिसऱ्या बाकावरून वाचायला लागली असती. ते शब्द माझ्या तोंडाशी का आले नाहीत, याचा मी फार विचार केला आहे. बायबल कापणारी हिंदू बाई म्हणून गावभर होईल ही भीती होती. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. त्या खोलीत आम्ही तिघं भारतीय होतो आणि चौथी इंग्रज. मी सूट दिली असती तर डेप्युटी हेडला वाटलं असतं, आपल्या माणसांना सांभाळून घेतलं. वीस वर्षं मी कोणाला असं वाटू दिलं नव्हतं. आपल्याकडची मुलं माझ्या वर्गात आली की मी त्यांच्या वह्या जरा जास्तच कडक तपासायचे. तुमच्या बाबाला विचारा. तो मी शिकवत होते त्या शाळेत यायला का तयार नव्हता, ते सांगेल.

“माझ्या वर्गात सगळ्यांना एकच नियम आहे,” मी म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. “मला वाटलं होतं, मॅडम, तुम्हाला तरी हे समजावून सांगावं लागणार नाही.”

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. “तिला फक्त कापायचं नव्हतं. वाचायला ती कधीच नाही म्हणाली नाही.”

डेप्युटी हेडने समोरची नोंद पुन्हा वाचली. “कापायचं? म्हणजे काय?”

माझ्या तीन खऱ्या वाक्यांत कात्री हा शब्द नव्हता. सगळं सांगायची तीच वेळ होती. तो डाग, आईचा दसरा, खण. खोलीत चार खुर्च्या होत्या आणि दार बंद होतं, म्हणजे एकोणतीस मुलांचीही सबब नव्हती. “ती एक कामाची पद्धत आहे,” मी म्हणाले. डेप्युटी हेडने “अच्छा” म्हणून फाइल मिटली. नोंद तशीच राहिली.

इथे पालकांनी एक पत्र दिलं की मुलाचं नाव शाळेच्या पटावरून निघतं. घरी शिकवायची त्यांना मुभा असते. पुढच्या सोमवारी पत्र आलं. जवळच्या चर्चच्या शाळेत वर्षाच्या मध्यात जागा नव्हती, असं मागाहून कळलं. तिसऱ्या बाकावर दुसरी मुलगी बसायला लागली. मोठ्याने कोण वाचणार, म्हणून मी वर्गाकडे बघायचे आणि वर्ग खिडकीकडे बघायचा. एकाने विचारलं, “मिस, ती कधी येणार?” मी म्हणाले, “पान चौदा काढा.”

तिच्या वह्या माझ्याकडे जमा झाल्या. इंग्रजीच्या वहीत ते पान होतं, घडीही न घातलेलं. समासात पेन्सिलने एक ते बारा नंबर घातलेले होते, इतके हलके की पान उजेडाकडे तिरकं धरावं लागत होतं. क्रम बरोबर होता. सातवा आकडा नेमका करड्या डागावर आला असता. तो तिने थोडा बाजूला सरकवून लिहिला होता.

वह्या मी घरी पाठवल्या. ते पान ठेवून घेतलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी तोच भाग मी कात्रीशिवाय शिकवला. कोणी काही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मुलांनी स्टेजवर एक डिक्शनरी मुद्दाम खाली पाडली आणि सगळ्या हॉलने “मिऽऽस!” अशी आरोळी ठोकली. सगळे हसले. मी हसले नाही, हे फक्त आजोबांच्या लक्षात आलं.

गेल्या हिवाळ्याआधी आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आठवतं? दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत तिची आई उभी होती. तिने मला लगेच ओळखलं.

“बसा, मॅडम. डॉक्टरांची तब्येत छान आहे.”

मी बसले. छत्री कुठे ठेवावी ते मला सुचेना. विचारलं, “मुलगी कशी आहे?”

“मँचेस्टरला असते. फार्मसी करते.”

“परीक्षा...?”

“बाहेरून दिल्या. जेवढ्या लागतात तेवढ्याच. गणित, सायन्स तिच्या पप्पांनी घरी करून घेतलं. इंग्रजी भाषेचा पेपर सक्तीचाच, तो दिला. साहित्य नाही घेतलं. घरी शिकवायला कोणी नव्हतं.”

आजोबा छताकडे बघत पडून होते. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत होती.

“अजून वाचते का?”

“वाचते ना, खूप.” तिने आकडा टिपून घेतला. “मोठ्याने नाही वाचत.”

मग मी सगळं सांगून टाकलं. तो डाग मशीनचा नव्हता. माझ्या आईने दसऱ्याला त्या पानावर कुंकू लावलं होतं, तिला ते देवाचं पुस्तक वाटलं म्हणून. माझ्याकडे तुमच्या मुलीचं पान आहे, अजून जपून ठेवलं आहे, ते तिला परत द्यायचं आहे. मी फार भरभर बोलले असणार, कारण आजोबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

तिने पूर्ण ऐकलं. पट्टा सोडला, नीट गुंडाळला. “तुमच्याकडेच असू दे, मॅडम,” ती म्हणाली. “आमच्याकडे सगळं पुस्तक आहे.” आणि जाता जाता पडद्यापाशी थांबून म्हणाली, “कुंकवाचं तिला आवडलं असतं. तेव्हा सांगायला हवं होतंत.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर चार दिवस ती आजोबांना तितक्याच आपुलकीने औषधं देत होती.

ते पान आता जिन्याखालच्या खणात आहे, पत्रिकांच्या आणि कॅलेंडरांच्या मध्ये. एरवी कोणी भारतात निघालं की मी खण रिकामा करते. ते पान प्रत्येक वेळी काढून ठेवते आणि नंतर पुन्हा आत ठेवते. ते विसर्जन करण्याचा हक्क मला नाही, आणि ज्यांना आहे त्यांना ते नको आहे.

ताई, तू कॅलेंडर कापलंस हे चूक की बरोबर, ते मला सांगता येणार नाही. माझ्या वर्गात एकोणतीस मुलांनी ते पान कापलं, खेळीमेळीने कापलं, आणि त्यांनी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. मला फक्त त्या तिसाव्या मुलीला ‘तुला का कापायचं नाही?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा होता आणि मग गप्प राहून ऐकायचं होतं. ते जमलं नाही. रविवारी तर मी उलटंच केलं. न विचारता गप्प बसले, आणि तुला वाटलं की आजी रागावली.

तेव्हा या रविवारी मासा पुन्हा दाखव. गणपतीच्या शेल्यावरून कात्री नेताना हात जरा थांबला का ते सांग. थांबला नसेल तर तेही सांग; मला दोन्ही ऐकायचं आहे. आणि कापून उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, असं तुम्ही दोघांनी मला विचारलंत, तर मला काय वाटतं आणि का वाटतं, ते मी सांगेन. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मशीनची काच घाण होती, असं मात्र मी पुन्हा कोणाला सांगणार नाही.

तुमची आजी